25 हजार क्युसेक म्हणजे कितवी पायरी?

पावसाळ्यात पुणेकरांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येतो. खडकवासला धरणातून मुठा नदीत अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आकडा खरा असतो, पाठवणाऱ्याची तळमळही खरी असते. पण सिंहगड रोडवर तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना त्यातून काय कळावं? गाडी वर न्यायची, की थेट गादीच उचलायची?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. 25 हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला 10 हजार लिटरचे सत्तर टँकर. पण हे झालं पाणी किती वाहतंय त्याचं माप. ते किती चढेल, हे त्यात सांगितलेलंच नाही, आणि आपण नेमके इथेच फसतो.

विसर्ग दुप्पट झाला की पाणीही दुप्पट चढेल, असं वाटतं. तसं होत नाही. पाणी खोल झालं की तळाचं घर्षण त्याला तितकं अडवू शकत नाही, म्हणून ते जास्त वेगानेही पळतं. रुंद पात्रात विसर्ग खोलीच्या 5/3 घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे विसर्ग दुप्पट झाला तर खोली सुमारे दीडपट होते. याच गणितातून निघणारी पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते: पुराचा चढ पाण्याच्या पुढे धावतो! त्याचा वेग पाण्याच्या वेगाच्या 5/3 पट असतो. सेकंदाला दीड मीटर वाहणाऱ्या पाण्याला 15 किलोमीटर यायला पावणेतीन तास लागतील, चढ मात्र एक तास चाळीस मिनिटांत दारात हजर. धरणातलं पाणी अजून वाटेत असतं आणि त्याने पुढे ढकललेलं पाणी पार्किंगमध्ये शिरलेलं असतं.

हे सगळं सरळ, मोकळ्या पात्राचं गणित. पुलाच्या कमानीत झाडं आणि कचरा अडकला, किनाऱ्यावर राडारोडा टाकून पात्र आवळलं, की तेवढ्याच क्युसेकला पाणी जास्त चढतं. संगमावर मुळा नदी आधीच फुगलेली असेल तर मुठेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. शिवाय ओढ्यांचं पाणी विसर्गाच्या आकड्यात धरलेलंच नसतं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं वाहून नेली, त्यात धरणाच्या दरवाजांचा काही संबंध नव्हता.

आणि वेळही थोडा मिळतो. खडकवासल्याची साठवण जेमतेम 2 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), तर वरची पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून 27 टीएमसी. वरची धरणं भरलेली असताना घाटात पावसाने जोर धरला की खडकवासल्याला ते पाणी पोटात ठेवता येत नाही, मग मध्यरात्र असो वा पहाट.

आकड्याचा अर्थ लागला नाही की तिथे अफवा शिरते. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, ती जखम या शहरात अजून ओली आहे, म्हणून ‘पानशेत फुटलं’ एवढे दोन शब्द फॉरवर्ड झाले तरी लोक घाबरतात. असा मेसेज पुढे ढकलणं ही मदत नव्हे. त्या गोंधळात खरी सूचना बुडून जाते.

‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ हे वाक्य मात्र प्रत्येक पुणेकराला लगेच कळतं, कारण त्यात पाणी कुठवर आलं ते आहे. हवामानशास्त्रात याला परिणामाधारित इशारा म्हणतात. पाऊस किती पडेल एवढ्यावर न थांबता त्याने काय होईल ते सांगायचं.

सिंहगड रोडच्या एका सोसायटीत 2024च्या जुलैतल्या पुरानंतर वॉचमनकाकांनी गेटच्या खांबावर ऑइलपेंटने रेघा मारायला सुरुवात केली. मेसेज आला की आकडा आणि वेळ वहीत, पाणी थांबलं की खांबावर रेघ, शेजारी क्युसेक. जलशास्त्रज्ञ पातळी आणि विसर्गाचा जो वक्र काढतात, तोच हा, खांबावरचा. मी पाहिला तेव्हा त्यावर पाच निळ्या रेघा होत्या आणि दोन लाल. लाल रेघा निळ्यांच्या हिशेबात बसत नव्हत्या, त्याच आकड्यांना पाणी वीतभर वर गेलेलं. “त्या दोन्ही दिवशी मुळेलापण पाणी होतं,” काका म्हणाले, “म्हणून रंग वेगळा घेतला.”