'अमुक'च्या जागी शिरलेली थट्टा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका आजोबांना त्यांच्या पतसंस्थेकडून वार्षिक सभेचं पत्र आलं. मायना होता : 'प्रिय उधारीबाज भिया' ('भिया' म्हणजे इंदुरी बोलीत भाऊ). आजोबांनी आयुष्यात कधी कर्ज काढलेलं नव्हतं. ती पत्रं छापणारं सॉफ्टवेअर मी तेव्हा नोकरीला असलेल्या कंपनीत तयार झालं होतं आणि टेस्टिंगच्या टीममध्ये मी होतो.

झालं होतं ते असं. सभासदाच्या नावाचा रकाना रिकामा असेल तर काय छापायचं, हे कोडमध्ये आधीच ठरवून ठेवावं लागतं. एका डेव्हलपरने तिथे तात्पुरता गमतीचा मायना टाकला आणि तो बदलायचा राहिला. आम्ही टेस्टिंगसाठी भरलेल्या प्रत्येक नोंदीत नाव होतं, त्यामुळे तो आम्हाला एकदाही दिसला नाही. जुन्या सभासदांच्या काही नोंदींत मात्र नावं नव्हती.

खऱ्या मजकुराची जागा धरून ठेवायला काहीतरी लिहावं लागतं, ही गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. संकल्पाच्या पोथीत 'अमुकगोत्रः अमुकशर्मा' असं छापलेलं असतं. तिथे यजमानाचं गोत्र आणि नाव घालायचं. चुकून 'अमुक' तसंच उच्चारलं गेलं तर गुरुजी ओशाळतील, पण यजमानाचा अपमान होत नाही. शास्त्रग्रंथांत उदाहरणाला देवदत्त असतो. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असणार, हे उदाहरण प्रसिद्धच आहे. त्यात थट्टा आहे, पण ती कोणा यजमानाच्या पत्रावर उमटत नाही.

छपाईत हे काम 'लोरेम इप्सम' या जागा भरायच्या मजकुराने केलं. रोमन वक्ता सिसरोच्या इ. स. पू. ४५ मधल्या लॅटिन ग्रंथातली ही वाक्यं मोडून-तोडून घेतलेली आहेत. 'डोलोरेम'मधलं पहिलं अक्षरयुग्म गळून 'लोरेम' उरलं. १९६०च्या दशकात लेट्रासेट कंपनीच्या घासून अक्षरं उमटवायच्या पत्रांवरून आणि १९८०च्या दशकात पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून ते सगळीकडे पोचलं. अर्थच लागत नसल्यामुळे पाहणाऱ्याचं लक्ष मांडणीवर राहतं, आणि चुकून छापलं गेलंच तर कोणाला बोचत नाही.

नमुना खरा समजला गेला की काय होतं, याचा अमेरिकेतला दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या खिशातली पैशांची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने पाकिटात सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे प्रत्येकाला सरकारकडून मिळणाऱ्या स्वतंत्र नंबराचं, नमुना कार्ड घातलं. त्यावर 'नमुना' असं छापलेलं होतं, पण नंबर कंपनीतल्या एका सेक्रेटरीबाईंचा खराच होता. पुढच्या काळात ४०,००० हून अधिक लोकांनी तो आपला म्हणून सांगितला. एकट्या १९४३ मध्ये ५,७५५ जण तो वापरत होते. इंटरनेटवाल्यांनी १९९९ साली आरएफसी २६०६ या तांत्रिक दस्तऐवजात 'एक्झाम्पल डॉट कॉम'सारखे पत्ते कायमचे राखून ठेवले, ते नमुन्यातला पत्ता कोणाचा तरी खरा निघू नये म्हणूनच.

तरी घसरायला जागा उरतेच. मे २०२२ मध्ये बीबीसीच्या बातम्यांखालच्या पट्टीवर 'मँचेस्टर युनायटेड रद्दी आहे' अशा अर्थाची, त्या फुटबॉल क्लबला हिणवणारी ओळ झळकली. पट्टी चालवायला शिकणाऱ्या कोणीतरी सरावासाठी ती टाइप केली होती. वाहिनीला माफी मागावी लागली.

रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या चार-पाच जणांना त्या मायन्याने हसू आलं असेल, हे मी समजू शकतो. पण स्क्रीनवरचा मजकूर त्या चार-पाच जणांपुरता राहत नाही. आता आमच्याकडे नाव नसेल तिथे 'माननीय सभासद' छापलं जातं, नमुन्याच्या नोंदींत 'अमुक' असतो, आणि लाइव्ह करण्यापूर्वी एक तपासणी 'अमुक' कुठे उरलाय का ते शोधते. टेस्टिंगमध्ये पहिली नोंद बिननावाचीच असते.

माफी मागायला कंपनीतले आम्ही दोघे रामबागेत गेलो. आजोबांनी चहा दिला. ते पत्र त्यांनी फाडलं नव्हतं. घडी करून पासबुकात ठेवलं होतं.