बिम : बांधकाम प्रकल्पांतील उपयोग व फायदे

इमारतीचा प्रत्येक घटक (कॉलम, भिंत, दरवाजा, हवा वाहून नेणारी डक्ट, पाइप) मापे व गुणधर्मांसह एकाच संगणकीय मॉडेलमध्ये नोंदवायचा आणि नकाशे, मोजमापे व वेळापत्रके त्यातूनच काढायची, ही कार्यपद्धती. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’च्या आद्याक्षरांवरून तिला ‘बिम’ म्हणतात. साइटवर तुळईही ‘बीम’च असल्याने बोलताना गोंधळ होतो, तिथे ‘मॉडेल’ म्हटलेले बरे.

बिम म्हणजे त्रिमिती चित्र, हा समज चुकीचा आहे. चित्रातला दरवाजा म्हणजे रंगवलेले काही पृष्ठभाग. बिममधला दरवाजा भिंतीत बसवलेला असतो : भिंत सरकवली की तो सरकतो, काढून टाकला की भोक बुजते. रुंदी, उंची, उघडण्याची बाजू, आगीला किती मिनिटे टिकेल हे सगळे त्याच्याच नोंदीत असते. प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि दरवाजांचे शेड्यूल (यादी) ही या एकाच नोंदीची वेगवेगळी रूपे. ९०० मिमीचा दरवाजा १,००० चा केला की तो सगळीकडे बदलतो. साध्या कॅडमध्ये (संगणकावर नुसत्या रेघांनी नकाशे काढण्याच्या पद्धतीत) हाच बदल चार-पाच कागदांवर हाताने करावा लागतो, त्यातला एखादा राहून जातो, आणि चौकट नेमकी त्याच कागदावरून बनते.

कल्पना जुनी आहे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास, नकाशांऐवजी इमारतीचे वर्णनच संगणकात साठवण्याची पद्धत मांडली. हंगेरीतील ग्राफिसॉफ्टचे ‘आर्किकॅड’ १९८०च्या दशकात आले. २००० साली आलेले ‘रेव्हिट’ २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतले. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या निधीतील प्रकल्पांसाठी बिमची अट घातली. माहिती कशी नोंदवावी, तपासावी व सोपवावी याचे नियम आयएसओ १९६५० या मानकमालेत आहेत. तिचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये निघाले. एका सॉफ्टवेअरचे मॉडेल दुसऱ्यात वाचता यावे यासाठी ‘आयएफसी’ हा खुला फाइल-प्रकार आहे.

सर्वांत मोठा फायदा समन्वयाचा. वास्तुरचनाकार, स्ट्रक्चरल इंजिनीअर, वातानुकूलन, प्लंबिंग आणि विद्युत यांची मॉडेले एकत्र जोडून कोणता घटक कशाला आदळतो ते तपासता येते. एक सेक्शन घेऊ. स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३,६०० मिमी. फरशीचे ५० आणि स्लॅबसह तुळईचे ६०० गेले, उरले २,९५०. तुळईखालून ४०० उंचीची डक्ट; वर-खाली २५-२५ इन्सुलेशन धरून ४५०. उरले २,५००. फॉल्स सीलिंगचे १०० वजा करून खोलीला मोकळी २,४०० मिमी उंची मिळते. आता डक्टखालून वरच्या मजल्याचा ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप आडवा जाणार आहे. १२ मीटर लांबी, १:१०० उतार, म्हणजे शेवटच्या टोकाला १२० मिमी खाली. त्याला एकूण २३० लागतात आणि सीलिंग २,१७० वर येते.

टेबलावर हे सोडवता येते. शाफ्ट (पाइप खाली उतरण्याची उभी पोकळी) जवळ घेऊन पाइप ४ मीटरचा केला की उतार ४० मिमीच खातो. डक्ट ८०० × ४०० ऐवजी १,३०० × २५० केली की १५० मिमी सुटतात. छेदाचे क्षेत्रफळ जवळपास तेच, फक्त परिमिती वाढल्याने घर्षण वाढते आणि पंख्याचा दाब पुन्हा तपासावा लागतो. हिशेब पुन्हा २,४०० वर येतो. मात्र हँगर (टांगण्याचे आधार), डक्टच्या फ्लँज (जोडाच्या कडा) आणि पाइपचे जोड यांना यात एक मिलिमीटरही नाही. म्हणून तिसरा उपाय अधिक शहाणपणाचा : पाइप डक्टला छेदणारच नाही अशा गाळ्यातून न्यायचा. हीच गोष्ट स्लॅब ओतल्यावर लक्षात आली तर काँक्रीटला भोक पाडणारी कोअर कटिंगची मशीन येते, आणि तुळईला भोक पाडायचे की नाही यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

जागावाटपाचा क्रमही ठरलेला असावा. उतारावर चालणारे सांडपाण्याचे पाइप आधी, कारण त्यांना वर उचलता येत नाही. मग मोठ्या डक्ट, मग केबल ट्रे, आणि दाबाखाली वाहणारे बारीक पाइप शेवटी, कारण ते वळवता येतात.

तपासणी करताना नवखे लोक सगळे मॉडेल सगळ्याशी ताडून पाहतात आणि हजारो टकरींची यादी घेऊन बसतात. त्यातल्या बऱ्याच खोट्या असतात : भिंतीतला स्विच बॉक्स, स्लॅबमधला कंड्युइट (वायरची नळी). आधी सर्व मॉडेलांचा मूळबिंदू, उत्तर दिशा आणि एकक जुळवावे. एक जरी फाइल चुकीच्या मूळबिंदूवर असली तरी सगळी तपासणी व्यर्थ. मग ‘डक्ट विरुद्ध तुळई’ अशा जोड्या लावाव्यात, १०-२५ मिमीपर्यंतची घुसखोरी सुरुवातीला गाळावी, आणि एकाच डक्टच्या वीस टकरी एकच प्रश्न म्हणून नोंदवाव्यात. प्रत्येक प्रश्नाला एक जबाबदार माणूस आणि तारीख हवी. पाइप हलवला की तपासणी पुन्हा चालवायची, कारण तो दुसरीकडे जाऊन आदळतो.

मोजमापे मॉडेलमधून आपोआप निघतात, पण मॉडेल जसे रचले तशीच. कॉलम स्लॅबमधून आरपार काढला आणि दोघांची जोड लावली नाही, तर सामाईक काँक्रीट दोनदा मोजले जाते. ४०० × ४०० चा कॉलम व १५० चा स्लॅब असेल तर एका सांध्यावर ०.०२४ घनमीटर, ५०० सांध्यांवर १२ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या दोन खेपा. उलट जे मॉडेलमध्ये काढलेच नाही ते मोजलेही जात नाही. सेंट्रिंगचे टेकू, परांची, सळईची वाया जाणारी टोके यांचा हिशेब वेगळाच करावा लागतो.

घटकांना वेळापत्रकातील कामे जोडली की त्याला ‘फोर-डी’ म्हणतात; खर्च जोडला की ‘फाइव्ह-डी’. फोर-डीचा खरा उपयोग क्रमातील चुका पकडण्यात आहे : चिलर (वातानुकूलनाचे पाणी थंड करणारे यंत्र) येण्याआधीच प्लांट रूमची भिंत बांधून होते, किंवा क्रेनच्या फिरण्याच्या जागेतच मचाण उभे राहते.

घटक किती विश्वासार्ह आहे हे ‘एलओडी’ (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट) ही पातळी सांगते. २०० म्हणजे अंदाजे आकार व जागा, ३०० म्हणजे नेमके माप, ३५० मध्ये इतर घटकांशी होणारे जोड व आधार येतात, ४०० वरून कारखान्यात बनवता येते. ही पातळी घटकागणिक ठरते. अख्ख्या मॉडेलला एकच आकडा चिकटवणे निरर्थक आहे. २०० च्या डक्टवर तपासणी ‘स्वच्छ’ आली तरी वर पाहिलेले हँगर आणि फ्लँज तिच्यात नसतातच.

कामाचा भार पुढे सरकतो, हे करारात क्वचितच उतरते. जे निर्णय पूर्वी नकाशे निघताना होत, ते आता मॉडेल उभे करतानाच घ्यावे लागतात. फीचे हप्ते मात्र जुन्याच टप्प्यांवर बांधलेले राहिले तर सल्लागार मॉडेल अर्धवट ठेवतो आणि उरलेले द्विमितीत रेघा मारून भागवतो. त्या रेघा मोजमापात येत नाहीत, टकरीतही नाहीत.

इमारत ताब्यात देताना मॉडेल देखभालीसाठीही सोपवता येते : पंपाचा मॉडेल क्रमांक, हमीची मुदत, कोणत्या व्हॉल्व्हने कोणता मजला बंद होतो. ही माहिती ‘कोबी’ नावाच्या ठरावीक तक्त्यात देण्याची पद्धत आहे. साइटवर ऐन वेळी दुसऱ्या कंपनीचा पंप बसवला आणि नोंद बदलली नाही, तर देखभाल करणारा सील मागवतो तो न बसणारा. म्हणून यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक मॉडेलशी ताडून पाहण्याचे काम पंप चालू करून देतानाच, त्याच माणसाकडे सोपवतात.