बांदो युद्धकैदी छावणी

पहिल्या महायुद्धात जर्मन युद्धकैद्यांना ठेवण्यासाठी जपानने शिकोकू बेटावर उभारलेली छावणी. आजच्या तोकुशिमा प्रांतातील नारुतो शहराच्या हद्दीत ती होती. एप्रिल 1917 ते 1920 या काळात तेथे सुमारे 1,000 कैदी राहिले.

चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताओ हे जर्मन ठाणे 7 नोव्हेंबर 1914 रोजी जपानच्या हाती पडले. तेथे पकडलेले जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीचे सुमारे 4,700 सैनिक जपानला नेण्यात आले. छावण्या तयार नव्हत्या, म्हणून सुरुवातीला त्यांची सोय देवळांत आणि सार्वजनिक इमारतींत केली गेली. पुढे शिकोकूवरील मात्सुयामा, मारुगामे व तोकुशिमा येथील कैदी बांदोला एकत्र आणले.

युद्धकैद्यांना माणुसकीने वागवावे, हा 1907 च्या हेग कराराचा नियम जपानला मान्य होता. तरी प्रत्यक्ष वागणूक छावणीच्या प्रमुखावर अवलंबून राही. क्यूशूवरील कुरुमे छावणीत प्रमुख माझाकी जिंझाबुरो याने जर्मन अधिकाऱ्यांवर हात उगारला. बांदोचे प्रमुख मात्सुए तोयोहिसा यांची रीत अगदी वेगळी होती. ते आइझूचे, 1868 च्या यादवीत हरलेल्या आणि त्यानंतर हालअपेष्टा सोसलेल्या संस्थानातले. हरलेल्या शिपायाची अवस्था त्यांनी घरातच ऐकली असणार.

छावणीत बेकरी होती, छापखाना होता, कैद्यांनीच थाटलेली दुकाने होती. या दुकानांच्या गल्लीला त्यांनी त्सिंगताओतील चिनी वस्तीवरून ‘तापाउताउ’ हे नाव दिले. ‘दी बाराके’ हे नियतकालिक ते हाताने स्टेन्सिल कापून, कधी रंगीत चित्रांसह काढत. मार्च 1918 मध्ये जवळच्या र्‍योझेंजी मंदिरात कैद्यांच्या हस्तकलेचे व चित्रांचे प्रदर्शन भरले. बारा दिवसांत सुमारे 50,000 लोक येऊन गेले. गावकरी त्यांना ‘दोइत्सु-सान’ म्हणत. दोइत्सु म्हणजे जर्मनी, आणि ‘सान’ हा आपल्याकडच्या ‘राव’सारखा आदराचा प्रत्यय. शत्रूच्या शिपायाला हा मान मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

1 जून 1918 रोजी हेर्मान हान्सेनच्या दिग्दर्शनाखाली कैद्यांनी बेथोव्हेनची नववी सिंफनी संपूर्ण सादर केली. आशियातील हा तिचा पहिला पूर्ण प्रयोग मानला जातो. गायिका कोठून आणणार? स्त्रीस्वरांचे भाग पुरुषांच्या आवाजासाठी बसवून घेतले आणि शेवटचा समूहगान-भाग केवळ पुरुषांनी गायला.

तरीही ही कैदच होती. काही जणांची ती पाच वर्षांहून अधिक लांबली. दीर्घ बंदिवासातून येणाऱ्या चिडचिडीला आणि खिन्नतेला त्या काळी ‘काटेरी तारेचा आजार’ असे नाव पडले होते. 1918 च्या अखेरीस इन्फ्लुएंझाच्या साथीने छावणीलाही गाठले.

ओआसाहिको देवस्थानाच्या आवारात कैद्यांनी बांधलेला दगडी कमानीचा ‘जर्मन पूल’ आजही आहे. मृत सोबत्यांसाठी त्यांनी 1919 मध्ये स्मारकशिळा उभारली. तिच्यावर 11 नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातून परतलेली जपानी कुटुंबे याच बराकींत राहू लागली. त्यांतील एका बाईंना ही शिळा झुडपांत झाकलेली आढळली. त्यांनी ती स्वच्छ केली आणि वर्षानुवर्षे तिच्यापुढे फुले वाहिली.