ऑफ-रोड वाहनांतील डिफ-लॉक व सस्पेन्शन

खडक, चिखल, वाळू किंवा ओढ्याचे पात्र अशा ठिकाणी चालवायच्या फोर बाय फोर गाडीतल्या या दोन यंत्रणा. सस्पेन्शन चाकाला जमीन सोडू देत नाही. सोडलीच, तर डिफ-लॉक (लॉकिंग डिफरेन्शियल, बोलताना नुसते ‘लॉकर’) उरलेल्या चाकापर्यंत ताकद पोचवते. म्हणून दोन्हींची निवड एकत्र करावी लागते. ज्या गाडीचे चाक सहसा उचलत नाही तिला लॉकर क्वचितच लागतो, आणि जिचे चाक हातभर खड्ड्यातही हवेत लटकते तिचे लॉकरवाचून चालत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट असती तर टायर घासले असते आणि गाडी सरळच जायला बघितली असती. यावर फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शियलची, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, दातेरी चाकांची रचना केली. तिच्यात खोट एवढीच, की दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) सारखा मिळतो. हवेतले चाक फिरवायला ४० न्यूटन-मीटर पुरत असतील, तर जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही साधारण ४० च येतात. इंजिन कितीही दमदार असले तरी एक चाक गरगरते, दुसरे ढिम्म हलत नाही.

महाराष्ट्रात डिफ-लॉकची ओळख बहुतेकांना जीपमुळे नाही, ट्रॅक्टरमुळे होते. ओल्या काळ्या रानात एक चाक जागीच फिरायला लागले की शेतकरी टाचेजवळचे छोटे पेडल दाबतो. दोन्ही चाके एकजीव होतात आणि ट्रॅक्टर निघतो. बांधाशी वळण्याआधी पाय काढायचा, नाहीतर स्टिअरिंग ऐकत नाही, हेही त्याला ठाऊक असते. गाडीच्या लॉकरचे पथ्य याहून वेगळे नाही.

लॉकरचे मुख्य प्रकार दोन: चालकाने हवा तेव्हा लावायचा आणि आपोआप लागणारा. पहिल्या प्रकारात तार, हवा किंवा वीज वापरतात. मेलबर्नच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर यात सर्वांत प्रसिद्ध. छोट्या कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीने ॲक्सलमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि डिफरेन्शियलचे आतले गिअर जखडले जातात. दगडाने नळी फाटली की लॉकर गेला. आपोआप लागणाऱ्यांत ‘डेट्रॉइट लॉकर’ हा जुना, दणकट आणि डांबरी रस्त्यावर काहीसा आडमुठा. ईटन कंपनीच्या यांत्रिक लॉकरची तऱ्हा आणखी निराळी. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि ‘खट्’ आवाज होऊन लॉक लागते. ताशी ३० किलोमीटरच्या वर ते लागत नाही. नवखा चालक नेमका इथे फसतो. चाक फिरायला लागताच घाबरून तो ॲक्सिलरेटर सोडतो आणि लॉक लागायची वेळच येत नाही. अर्धा-एक सेकंद धीर धरून चाक फिरू द्यावे लागते.

लिमिटेड स्लिप (चाकाची घसरण काही मर्यादेपर्यंतच रोखणारे) किंवा टॉर्सन (त्याचाच गिअरवर चालणारा प्रकार) डिफरेन्शियल म्हणजे लॉकर नव्हे. टॉर्सन हे पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या काही पट टॉर्क देते, पण दुसरे चाक पूर्ण हवेत असेल तर शून्याची पट शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून त्या चाकाला खोटी पकड द्यायची, ही जुन्या चालकांची युक्ती. आजच्या गाड्यांतले ब्रेकवर चालणारे ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करते. ते स्वस्तात पडते, मात्र चाक घसरल्यावरच जागे होते आणि लांब चढावर ब्रेक तापवते.

लॉकरचे तोटेही आहेत. लॉक लागल्यावर एका बाजूच्या ॲक्सल शाफ्टवर जवळजवळ सगळा टॉर्क येऊ शकतो. पुढचे लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि जोर दिला तर पुढचा जॉइंट तुटण्याचा धोका सर्वाधिक. तिरप्या निसरड्या उतारावर दोन्ही चाके एकदम पकड सोडतात आणि गाडी आडवी घसरते. काळ्या मातीच्या चिखलात टायरच्या खाचा भरल्या असतील तर लॉकरने एवढेच होते, की एक खड्डा पडायचा तिथे दोन पडतात.

सस्पेन्शनमध्ये पहिला प्रश्न ॲक्सल अखंड हवा की प्रत्येक चाक स्वतंत्र. अखंड ॲक्सलचे एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, आणि डिफच्या गोळ्याखालची उंची कायम राहते. स्वतंत्र चाकांची गाडी रस्त्यावर गुणी, पण स्प्रिंग दबली की पोटाखालची उंची घटते. पाट्यांची स्प्रिंग ओझ्याला पक्की आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येणारी; मात्र पाटे एकमेकांवर घासत असल्याने हालचाल कमी. मारुती जिप्सी पुढेमागे पाट्यांवरच चालली आणि तरी डोंगरात नाव कमावून गेली, कारण ती हलकी होती. कॉइल स्प्रिंगला चाक जास्त खाली सोडता येते.

ही लवचीकता मोजायची एक पद्धत आहे. २० अंशांच्या उतरंडीवर एक चाक चढवत जायचे आणि दुसरे चाक उचलेपर्यंत कापलेले अंतर व्हीलबेसने (पुढच्या व मागच्या चाकांमधल्या अंतराने) भागून १००० ने गुणायचे. २४५० मिलिमीटर व्हीलबेसची गाडी १२२५ मिलिमीटर चढली तर तिचा आकडा ५००. बदल करण्याआधी आणि नंतर हा आकडा काढून पाहिला तर गाडी उंच करणाऱ्या बऱ्याच महागड्या लिफ्ट-किटांचे पितळ उघडे पडते.

सर्वांत सर्रास चूक म्हणजे कडक स्प्रिंग. छतावर तंबू, पुढे विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र), मागे पाण्याचे कॅन असे कायमचे ओझे असेल तरच ती घ्यावी. रिकाम्या गाडीला ती दबतच नाही आणि चाक आधीपेक्षा लवकर उचलते. स्प्रिंग कडक केली की शॉकअपही तिला साजेसे लागतात, नाहीतर गाडी चेंडूसारखी उसळते. गाडी ५० मिलिमीटर उचलली की ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगला सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग सैलावते आणि वळणावर गाडी जास्त कलते. उंची हवीच असेल तर थोडा मोठा टायर बरा. ॲक्सलखालची उंची वाढवणारा उपाय तोच.

भारतातल्या गाड्या शेजारी ठेवल्या की गणित स्पष्ट होते. नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र चाके, मागे अखंड ॲक्सल आणि काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉकर. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या २०२१ च्या गुरखालाही पुढे स्वतंत्र चाके आणि मागे अखंड ॲक्सल, पण दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग आणि पुढेमागे हाताने लावायचे लॉक. रस्त्यावर ती थोडी बैलगाडी वाटते, पण आडव्या चरात तिला तोड नाही. २०२३ ची मारुती जिम्नी दोन्हीकडे अखंड ॲक्सलवर असूनही लॉकरविना आहे आणि हलक्या वजनाच्या जोरावर निभावून नेते.

मित्रमंडळींसोबत सह्याद्रीत आणि कोकणात फिरणाऱ्याने आधी चांगले टायर घ्यावेत, मग मागचा लॉकर, आणि सस्पेन्शन शक्यतो मूळचेच ठेवावे. पुढचा लॉकर, विंच आणि लांब हालचालीची स्प्रिंग यांची खरी गरज गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत पडते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हेही खरेदीआधी पाहावे.

लॉकर बसवलेल्या ॲक्सलची देखभाल मुख्यतः तेलाची. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ॲक्सलच्या श्वासनळीतून (ब्रीदर, हवा आत-बाहेर जाण्याची नळी) पाणी ओढले जाते. म्हणून ती नळी बॉनेटपर्यंत वर नेतात. ओढा ओलांडून आल्यावर डिफचा बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे.