फड पद्धत

नदीवर बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी गावाच्या सामाईक शिस्तीने वाटून घेण्याची खानदेश व बागलाणातील पारंपरिक सिंचनव्यवस्था. धुळे जिल्ह्यातील पांझरा व तिची उपनदी कान आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या तापी खोऱ्यातील नद्यांवर ती प्रामुख्याने आढळते. येथे फड म्हणजे एकाच पिकाखालील सलग शिवार. तमाशाच्या वा ऊसतोडीच्या फडाशी त्याचे नाते असलेच, तर ते समूह या व्यापक अर्थापुरतेच असावे.

बंधाऱ्यापासून निघणारा पाट साधारणतः 2 ते 12 किमी. लांबीचा असतो. त्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग (शेतात पाणी नेणारे लहान पाट) आणि सारंगातून वाफ्यात पाणी उतरते. जादा पाणी सांडव्याने परत नदीकडे जाते. लाभक्षेत्राचे बहुधा चार फड पाडतात व एका फडाचे क्षेत्र 10 ते 200 हेक्टरांपर्यंत असू शकते. एक-दोन फडांत ऊस, इतरांत हंगामी पिके, तर पाणी तुटीचे असेल त्या वर्षी एखादा फड पड, असा निर्णय गाव घेते. बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने पडीचा तोटा एकट्यादुकट्याच्या माथी बसत नाही. पाणी पाटकरी देतो. खांद्यावर फावडे घेऊन तो एक सारंग चिखलाने बुजवतो व पुढचा फोडतो. शेतमालकाने स्वतः बारे (शेतात पाणी घेण्याचे तोंड) फोडणे शिस्तीबाहेरचे. पाटकऱ्यांवर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या आणि सर्वांवर पंच. मोबदला पूर्वी धान्यरूपाने दिला जाई.

कालनिश्चिती वादग्रस्त आहे. पद्धत 300 ते 400 वर्षे जुनी असल्याचे सामान्यतः सांगतात. काही जण ती फारुकी राजवटीपर्यंत (1382–1600), तर काही त्याही मागे नेतात. दगड-चुन्याच्या बांधकामावरून काढलेला काळ फार तर बंधाऱ्याचा ठरतो, वाटपाच्या नियमांचा नव्हे. बंधारे वेळोवेळी दुरुस्त होत आल्याने तोही सैलच धरावा लागतो. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा बंधारे जुनेच होते, एवढे निश्चित.

दुसरा वाद अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांच्या ब्लॉक पद्धतीचा. 1884 मध्ये नोकरीस लागल्यावर त्यांची नेमणूक खानदेशात झाली आणि पांझरेवरील एका पाटासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी विखुरलेला ऊस गटांत आणून पिकांची फेरपालट बसवली. हीच ब्लॉक पद्धत. तिचे मूळ फडात शोधण्याचा मोह स्वाभाविक आहे. क्षेत्राची विभागणी व फेरपालट दोन्हींत आहेत; परंतु ब्लॉकमध्ये करार शासन आणि बागायतदार यांच्यात होई, फडात निर्णय गावाचा असे. फड त्यांच्या पाहण्यात आले असणे संभवते. थेट उसनवारी मात्र जपूनच मानावी.

ऱ्हासाची कारणे नदीत आणि शेतात अशी दोन्हीकडे आहेत. पांझरेवर लाटीपाडा व अक्कलपाडा, कानेवर मालनगाव, मोसमेवर हरणबारी, आरमवर केळझर ही धरणे झाल्यावर प्रवाहाची वेळ नदीऐवजी धरणाच्या दरवाजाने ठरू लागली. विहिरी व मोटारपंपांमुळे सामाईक पिकाचे बंधन नकोसे झाले. वाळूउपशाने नदीपात्र खचले, की बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो.

पुनरुज्जीवनात बहुधा गाळ काढणे, बंधाऱ्याच्या भेगा बुजवणे व पाट साफ करणे यांवर भर दिला जातो. तेवढे पुरे पडत नाही. एका बंधाऱ्याखालच्या शेतांतून पाझरलेले पाणी नदीत परतते आणि पुढच्या बंधाऱ्याला मिळते, हीच या साखळीची खुबी होती. म्हणून दुरुस्तीचे एकक एक गाव नसून नदीचा सलग पट्टा असावे लागते, आणि त्यात धरणाच्या आवर्तनाचाही विचार करावा लागतो. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाविषयीच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमाने पाणीवापर संस्थांना कायदेशीर अधिष्ठान दिले असले, तरी त्यांची रचना मुख्यतः शासकीय प्रकल्पांच्या कालव्यांना धरून आहे. पाटकरी, हवालदार या पदांना त्यात वेगळे स्थान नाही.