इन बाँड की ड्युटी पेड: बाटली तीच, भाव दोन

इंग्लंडमधल्या जरा बऱ्या वाइनविक्रेत्याच्या संकेतस्थळावर एकाच वाइनचे दोन भाव दिसू शकतात. एक 150 पौंड, सहा बाटल्यांच्या पेटीला, आणि खाली बारीक अक्षरात ‘इन बाँड’. दुसरा 32 पौंड, एका बाटलीला, ‘ड्युटी पेड’. मनातल्या मनात भागाकार केला की पेटीतली बाटली 25 पौंडांना पडते. म्हणजे बाटलीमागे 7 पौंड वाचले! घरी छोटासा साठा करायला निघालेला माणूस इथेच पेटीवर बोट ठेवतो. पुण्यात बसून तिकडचे भाव रुपयांत करून ‘किती स्वस्त आहे बघा’ म्हणणारेही याच आकड्याला भुलतात. आणि या दोन बाटल्यांत खरी स्वस्त आहे ती 32 पौंडांची.

ज्यांनी जकात नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा पाहिल्यात त्यांना हे चटकन कळेल. माल मालकाचा आहे, त्याचे पैसेही देऊन झालेत, पण ट्रक नाक्याच्या अलीकडे उभा आहे. गावात शिरायचं तर पावती फाडावी लागणार. इन बाँड वाइन अशी नाक्याअलीकडे उभी असते. ती सरकारची परवानगी असलेल्या गोदामात पडून राहते आणि तिथे असेपर्यंत तिच्यावरची मद्याची ड्युटी आणि व्हॅट, दोन्ही भरायचे बाकी असतात. ड्युटी पेड बाटलीची पावती विक्रेत्याने आधीच फाडलेली असते आणि ती रक्कम तुमच्या 32 पौंडांत धरलेली असते. वाइन तीच, द्राक्षं तीच, बाटलीवरचं लेबलही तेच. ‘इन बाँड’ हा दर्जाचा शिक्का नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण तसा समज बऱ्याच जणांचा असतो.

आता हिशेब. ब्रिटनमध्ये वाइनवरची ड्युटी तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर लागते. 1 फेब्रुवारी 2025 पासूनचा दर होता शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 29.54 पौंड. दर पुढच्या अर्थसंकल्पांत बदलत राहतो, पण रीत तीच. 13 टक्के अल्कोहोलच्या 750 मिलीलिटरच्या बाटलीवर या दराने 2.88 पौंड ड्युटी बसते. सहा बाटल्यांचे झाले 17.28. ते पेटीच्या 150 मध्ये मिळवले की 167.28. मग या सगळ्यावर 20 टक्के व्हॅट, म्हणजे ड्युटीवरही व्हॅट. करावर कर लावण्याचं हे कौशल्य कुठल्याही देशाच्या सरकारला शिकवावं लागत नाही. एकूण 200.74 पौंड, बाटलीमागे 33.46. शिवाय गोदामातून घरी पोचवण्याचा खर्च वेगळा.

म्हणून 13 टक्क्यांच्या आसपासची बाटली असेल तर इन बाँड भावात ड्युटीचे तीनेक पौंड घाला आणि बेरजेवर वीस टक्के चढवा. हे केल्याशिवाय दोन भाव शेजारी ठेवूच नका. बाटली जितकी स्वस्त, तितका फरक अंगावर येतो. इन बाँड 4 पौंडांची बाटली दारात येईपर्यंत सव्वाआठ पौंडांची होते, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे. 100 पौंडांची बाटली साडेतेवीस पौंडांनी वाढते. ते चटका देणारं असलं तरी तिथे निदान भाव दुप्पट होत नाही.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे: बाँडमध्ये ठेवलं की कर वाचतो. वाचत नाही, लांबतो. बाटली बाहेर काढाल त्या दिवशी जो दर असेल त्याने ड्युटी द्यायची. जुलै 2023 पर्यंत साध्या वाइनच्या बाटलीवर सरसकट 2.23 पौंड ड्युटी होती, मग ती 11 टक्क्यांची असो वा साडेचौदा टक्क्यांची. ऑगस्ट 2023 मध्ये अल्कोहोलच्या प्रमाणावर आधारलेली पद्धत आली, पहिले अठरा महिने थोडी सवलत होती, ती फेब्रुवारी 2025 मध्ये संपली. साडेचौदा टक्क्यांच्या बाटलीची ड्युटी तेव्हा 3.21 पौंड झाली. फ्रान्सची शातोनफ-द्यू-पाप किंवा ऑस्ट्रेलियातल्या बारोसाची शिराझ अशा जास्त अल्कोहोलच्या दांडग्या वाइन ज्यांनी जुन्या दराच्या काळात बाँडमध्ये टाकल्या, त्यांना त्या नव्या दरानेच सोडवाव्या लागतात. तेव्हाच ड्युटी भरून घरी आणल्या असत्या तर ते स्वस्त पडलं असतं.

व्हॅटच्या बाबतीत मात्र बाँडचा खरा फायदा आहे. तुम्ही पेटी 150 ला घेतली आणि दहा वर्षांनी तिचा बाजारभाव 300 झाला, तरी बाहेर काढताना व्हॅट लागतो तो तुम्ही दिलेल्या 150 वर, अधिक ड्युटीवर. तीच पेटी दहा वर्षांनी दुसऱ्याकडून घ्यायची म्हटली तर व्हॅट 300 वर भरावा लागेल. आणि मधल्या काळात पेटी विकावीशी वाटली तर घेणारा इन बाँड पेटीलाच जास्त मान देतो, कारण ती गोदामातून हललेली नाही, योग्य तापमानात होती, याची नोंद असते. एकदा ड्युटी भरून घरी आणलेली बाटली पुन्हा बाँडमध्ये जात नाही. तुमच्या घरात ती कशी राहिली हे परक्याला कसं कळणार?

यावरून सेलरचा, म्हणजे वाइन साठवायच्या तळघराचा, मुद्दा येतो. घरी सेलर करायचंय म्हणून इन बाँड घेणाऱ्याच्या हे उशिरा लक्षात येतं की त्याचं सेलर घरी नाहीच. ते इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात आहे, किंवा कुठल्याशा औद्योगिक वसाहतीतल्या थंड शेडमध्ये. विल्टशरमधलं कोर्शमचं गोदाम तर बघण्यासारखं प्रकरण आहे. बाथच्या प्रसिद्ध पिवळसर दगडाची ती जुनी खाण, जमिनीखाली सुमारे 30 मीटर. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा ठेवत, आता वाइन ठेवतात. हवा वर्षभर सारखी, अंधार, हादरे नाहीत. वाइनला हेच लागतं: 12-13 अंश, 70 टक्क्यांच्या आसपास दमटपणा, आणि कुणी हलवायचं नाही. इंग्लंडच्या घरांत जिन्याखालचं कपाट त्यातल्या त्यात बरं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेली फळी सगळ्यात वाईट, आणि तीच सगळ्यात लोकप्रिय. सेंट्रल हीटिंगच्या घरात हिवाळाही बाटलीसाठी उन्हाळाच असतो.

गोदाम फुकट नसतं. बारा बाटल्यांच्या पेटीला वर्षाला साधारण दहा ते वीस पौंड भाडं पडतं, त्यात बहुधा विमा येतो. पंधरा धरले तर बाटलीला वर्षाला सव्वा पौंड, दहा वर्षांत साडेबारा. 80 पौंडांच्या बरोलोला, म्हणजे इटलीतल्या त्या नामांकित लाल वाइनला, हे शोभतं. दहा पौंडांच्या बाटलीला वाइनपेक्षा भाडं जास्त होतं, आणि तसली बाटली दहा वर्षांत सुधारत तर नाहीच, बहुतेक वेळा मरते. बाजारातली बहुसंख्य वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच केलेली असते. चांगली बोर्दो, बरोलो, जर्मन रिझलिंग, व्हिंटेज पोर्ट असल्या मोजक्या गोष्टींनाच वय मानवतं.

आता या जोडीत घुसणारा तिसरा शब्द: आँ प्रिमर. तो इन बाँडच्याच यादीत, त्याच बारीक अक्षरांत छापलेला असतो, म्हणून फसगत होते. इन बाँड म्हणजे बाटली आहे, पण नाक्याअलीकडे. आँ प्रिमर म्हणजे बाटलीच अजून नाही. फ्रान्समधल्या बोर्दोत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरतात, पुढच्या एप्रिलच्या सुमारास व्यापारी आणि समीक्षक पिंपातली कच्ची वाइन चाखतात, मग भाव जाहीर होतात, आणि तुम्ही पैसे आत्ता भरता. बाटली भरून ब्रिटनच्या गोदामात यायला त्यानंतर दोन वर्षं लागतात. तोवर हातात फक्त एक कागद. पूर्वी निदान भाव तरी कमी असायचा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बोर्दो वाइन बाटलीत आल्यावर पहिल्या भावापेक्षा स्वस्तात मिळाल्या, त्यामुळे नवशिक्याने थांबण्याचं सबळ कारण आहे.

ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क 2013 च्या नियमांनी दिलाय आणि घरी मागवलेल्या ड्युटी पेड पेटीला तो लागू होतो. त्याच नियमांत एक अपवाद आहे: भाव आधी ठरलेलं, तीस दिवसांनंतरच मिळणारं आणि बाजाराप्रमाणे किंमत वरखाली होणारं मद्य. वर्णन वाचलं की आँ प्रिमरच डोळ्यांसमोर येतं. म्हणजे रात्री एक ग्लास जास्त झाल्यावर बटण दाबलं तर सकाळी ते मागे घेता येत नाही.

आणि धोका केवळ भावाचा नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात प्रीमियर क्रू नावाचं दुकान होतं. ते ‘अजून यायची आहे’ अशी वाइन बाजारापेक्षा कमी भावात आगाऊ विकायचं. त्यातली बरीच वाइन मालक जॉन फॉक्स याने कधी विकत घेतलेलीच नव्हती. नव्या ग्राहकाच्या पैशातून जुन्याची पेटी यायची. जानेवारी 2016 मध्ये दुकानाने दिवाळखोरी जाहीर केली, त्याच वर्षी फॉक्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत ब्रिटनसारखी बाँडची पद्धत नाही, पण धडा दोन्हीकडे चालतो, कारण प्रश्न एकच असतो: ती पेटी नेमकी कुणाच्या नावावर आहे?

ड्युटी पेड बाटलीला हा प्रश्न पडत नाही, ती तुमच्या कपाटात असते. इन बाँडमध्ये तो विचारावाच लागतो. पेटी गोदामात विक्रेत्याच्या सामायिक साठ्यात आहे, की तुमच्या स्वतःच्या खात्यावर? बाँडच्या गोदामात आलेल्या मालाला रोटेशन नंबर मिळतो. तो मागून घ्या, आणि गोदामात स्वतःच्या नावाचं खातं उघडता येत असेल तर उघडा. विक्रेता उद्या बुडाला तर त्याच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं की सरळ गोदामाला फोन लावायचा, हे त्यावर ठरतं. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून वाइन घेऊ नये. भावात कितीही फरक असो.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं फक्त ड्युटी पेड, तेही सुट्या किंवा मिश्र बाटल्या. इन बाँड बहुतेक ठिकाणी सहा किंवा बाराची एकाच वाइनची अखंड पेटी घ्यावी लागते, आणि स्वतःची जीभ अजून नीट माहीत नसताना एका वाइनच्या बारा बाटल्या म्हणजे बारा वेळा तोच अंदाज चुकवणं. स्टीव्हनेजची वाइन सोसायटी ही 1874 पासूनची सहकारी संस्था. सभासद होऊन तिथून एकेक बाटली मिसळून मागवता येते. असे इतरही बरेच विक्रेते आहेत. एखादी वाइन दोनदा-तीनदा प्यायल्यावर ‘ही अजून आठ वर्षांनी कशी लागेल’ असं खरंच वाटू लागलं की मग तिची एक पेटी बाँडमध्ये टाकावी. तोवर कोर्शमच्या खाणीत आपलं काही पडलेलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नये.

बाँडमधून पेटी काढायची ठरली तर आठवडाभर आधी कळवावं लागतं. ड्युटी, व्हॅट, वाहतूक यांचं एकत्र बिल येतं, ते भरल्यावर पेटी निघते. दिवाळीला किंवा नाताळला उघडायची बाटली असेल तर ऑक्टोबरमध्येच हलवा: एकतर गर्दी टळते, आणि जुन्या लाल वाइनचा गाळ प्रवासानंतर खाली बसायला बाटलीला काही आठवडे निवांत उभं ठेवावं लागतं. कायमचं भारतात परतायचं ठरलेल्या मंडळींनी तर निघायच्या बरंच आधी ठरवावं की कुठली पेटी विकायची आणि कुठली मित्रांबरोबर संपवायची. मुंबईच्या विमानतळावर प्रौढ प्रवाशाला ड्युटीशिवाय 2 लिटरपर्यंतच मद्य आणता येतं. म्हणजे माणशी दोन बाटल्या. तिसरीला पुन्हा नाका आहेच.