कोळशातली छिद्रं आणि कोळशातल्या वाटा

पुण्याच्या आसपास बोअर घेताना एक समज हमखास कानावर येतो: दगडाला भोकं दिसली की पाणी लागणार. वाघोलीच्या खाणीतला दगड हातात घेतला की हा समज डळमळतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि पुढे त्यातल्या कित्येक झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेल्या. जगभरचे संग्राहक ज्याच्यासाठी वेडे होतात तो निळा कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांमधला. ज्या पोकळ्या रिकाम्या राहिल्या त्याही बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात. उलट, एकही भोक न दिसणाऱ्या काळ्या कातळात मोठी, पाण्याची भेग सापडली की बोअर चालते.

खडकात रिकामी जागा किती, हे सच्छिद्रता सांगते, टक्क्यांत. त्या जागेतून पाणी किंवा वायू किती सहज वाहतो, हे पार्यता सांगते. आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. पार्यतेचं एकक त्याच्याच नावानं आहे. एक साठ्याचा गुण, दुसरा वाटेचा. तरीही दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि कोळशाच्या बाबतीत ही गल्लत फार महागात पडते.

कारण कोळशात छिद्रांची वानवा नाही. दोन नॅनोमीटरहून बारीक अशी असंख्य छिद्रं त्यात असतात आणि मिथेन हा ज्वलनशील वायू त्यांच्या भिंतींना चिकटून राहतो. अडचण बाहेर पडण्याची आहे. वायूला आधी त्या छिद्रांतून हळूहळू सरकत कोळशातल्या नैसर्गिक चिरांपर्यंत यावं लागतं, मग त्या चिरांतून वायू काढण्यासाठी खणलेल्या विहिरीकडे वाहावं लागतं. खोलवर वरच्या खडकाच्या भारानं या चिरा आवळल्या जातात, त्यामुळे अनेक थरांची पार्यता एका मिलिडार्सीपेक्षाही, म्हणजे डार्सीच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी भरते. हा वायू खाणकामाआधी काढला नाही तर तो खाणीत येतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की स्फोटाला एक ठिणगी पुरते. म्हणून हा फरक मला नुसता परिभाषेचा वाटत नाही. खाली उतरणाऱ्या माणसांच्या जिवाशी तो जोडलेला आहे.

वायूच्या या वाटा मोकळ्या करण्यासाठी मायक्रोवेव्हचा विचार इथे येतो. कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे. बाहेरून तापवला तर आत ऊब पोचायला फार वेळ लागतो. मायक्रोवेव्ह लहरी आतपर्यंत शिरतात आणि तिथल्या ओलाव्याला थेट तापवतात. पायराइटसारखी खनिजंही त्या चांगल्या शोषतात, सुका कोळसा मात्र फारशा शोषत नाही. म्हणजे एकाच तुकड्यात काही कण लवकर तापून फुगतात, शेजारचे थंडच राहतात, आणि दोघांच्या सीमेवर ताण येऊन चीर पडते. जोडीला अडकलेल्या पाण्याची वाफ होते. भरताचं वांगं टोचे न मारता मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर फुटतं, तोच दाब इथे कामाला येतो.

आता या दोन्ही गुणांवर होणारा परिणाम पाहा. एखादी चीर दुप्पट रुंद झाली तर रिकामी जागा दुपटीनंच वाढते, पण तिच्यातला प्रवाह, बाकी सगळं तेच राहिलं तर, आठपट होतो. कारण तो रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. त्यामुळे सच्छिद्रतेत अगदी किरकोळ वाढ दिसली तरी पार्यता कितीतरी पट वाढलेली असू शकते. उलटही घडतं. ओलावा उडून बारीक छिद्रं मोकळी झाली, पण ती चिरांशी जोडलीच गेली नाहीत, तर सच्छिद्रता वाढते आणि वायू आहे तिथेच राहतो. काही प्रकारचा कोळसा ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो; तेवढा तापवला तर झालेल्या वाटा बुजूही शकतात.

प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष थरापर्यंतचं अंतर मोठं आहे. घरातल्या ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झ लहरी ओल्या कोळशात फार खोल जात नाहीत. त्याहून कमी वारंवारतेच्या, ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक आत पोचतात, पण तेवढ्यानं अख्खा थर तापत नाही. कोळसा वाळत गेला की त्याची लहरी शोषण्याची ताकदही घटते. शिवाय टेबलावर मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यात उघडलेली चीर जमिनीखालच्या भारानं पुन्हा मिटू शकते. म्हणून ‘मायक्रोवेव्हनं कोळशाची पार्यता वाढली’ असा दावा वाचताना मी आधी दोन गोष्टी शोधते: वायू खरोखर वाहवून मोजला की नुसती छिद्रं मोजली, आणि मोजताना नमुन्यावर किती दाब ठेवला होता.